‘पानी होना क्या?’ हेही बोलणंच आहे

‘उसका बाप भी देर से बोला था.’ मूल अडीच-तीन वर्षांचं झालं तरी बोलत नाही म्हटलं की आपल्या घरांत पहिलं वाक्य हेच येतं. मग कुणी जिभेला मध लावायला सांगतं, कुणी पढलेलं पाणी आणून देतं, कुणी एखाद्या दर्ग्याचं नाव सुचवतं. दुआ करू नका असं मी म्हणणार नाही, आईला तेवढा तरी आधार असतो. पण त्यात वर्ष-दीड वर्ष निघून जातं आणि मुलाच्या कानाची साधी तपासणीसुद्धा झालेली नसते. यावर आपण आपापसांत बरंच बोलतो. मला लिहायचं आहे ते त्याच्या पुढच्या टप्प्याबद्दल. घरच्यांनी सगळं नीट केलं, डॉक्टर गाठला, ऑटिझमचं निदान झालं, थेरपी सुरू झाली. आणि तिथे शिकल्यासवरल्या माणसांकडून दोन सल्ले मिळाले. पहिला, ‘घरात एकच भाषा बोला, शक्यतो इंग्रजी.’ दुसरा, ‘चित्रं आणि खाणाखुणा देऊ नका, सवय लागेल, मग बोलणारच नाही.’

हे दोन्ही सल्ले आजही दिले जातात. सगळे थेरपिस्ट देतात असं नाही, चांगले अजिबात देत नाहीत. पण जिल्ह्याच्या आणि तालुक्याच्या गावांत, जिथे पर्याय एक-दोनच असतात, तिथे ते सर्रास ऐकू येतात. त्यांनी मूल बोलतं होत नाही. उलट जे थोडंफार बोलणं घरात चालू असतं, तेही बंद पडतं.

मी मिरजेत राहते, उर्दू प्राथमिक शाळेत शिकवते. माझ्या आपाचा मुलगा सात वर्षांचा आहे आणि ऑटिस्टिक आहे. मराठीत ‘स्वमग्न’ असा शब्द आहे. तो मला पटत नाही. माझा भाचा स्वतःत मग्न नसतो. दाराची कडी वाजली की कोण आलं हे त्याला आमच्या आधी कळतं. फक्त त्याची सांगण्याची रीत वेगळी आहे. म्हणून मी ऑटिझम हाच शब्द वापरते.

त्याची रीत कशी, ते सांगते. तहान लागली की तो आपाचं मनगट धरून तिला माठापाशी नेतो आणि तिचा हात माठावर ठेवतो. तोंडाकडे बघत नाही, बोट दाखवत नाही. कधी कधी म्हणतो, ‘पानी होना क्या?’ अगदी आपाच्या सुरात, प्रश्नासारखं. पाहुण्यांना वाटतं, पोरगा त्यांनाच पाणी विचारतोय. कौतुकही होतं. पण त्या वाक्याचा अर्थ ‘मला पाणी हवंय’ असाच असतो. त्याने ते वाक्य शंभरदा ऐकलं आहे आणि प्रत्येक वेळी त्यामागून पाणी आलं आहे. मग पाणी हवं असताना तेच वाक्य म्हणणं यात वेडेपणा काय आहे?

ही गोष्ट नवी नाही. ऑटिझमचं पहिलं सविस्तर वर्णन लिओ कॅनर या डॉक्टरांनी अमेरिकेत १९४३ मध्ये प्रसिद्ध केलं. त्यात ११ मुलं होती. आठ बोलायला शिकली होती, तीन बोलत नव्हती. बोलणाऱ्या मुलांबद्दल कॅनर यांनी नोंदवलं होतं की ती ‘हो’ म्हणत नाहीत, ‘हो’च्या जागी विचारलेला प्रश्नच पुन्हा म्हणतात. ‘मी’ आणि ‘तू’ यांची अदलाबदल करतात, कारण वाक्य जसं ऐकलं तसंच ठेवतात. त्यांतला पहिला मुलगा डोनाल्ड. ‘हो’ म्हणालास तर खांद्यावर घेईन, असं त्याच्या वडिलांनी त्याला सांगितलं. तो ‘हो’ शिकला. पण पुढे बराच काळ त्याच्या लेखी ‘हो’ म्हणजे ‘मला खांद्यावर घ्या’. हा डोनाल्ड ट्रिपलेट मिसिसिपी राज्यातल्या फॉरेस्ट नावाच्या छोट्या गावात वाढला. त्याने तिथल्या बँकेत नोकरी केली, गोल्फ खेळला, देश-परदेश फिरला आणि २०२३ मध्ये ८९ वर्षांचा होऊन वारला. त्याचं गाव त्याला ओळखत होतं, हे त्याच्याबद्दल लिहिणाऱ्या सगळ्यांनी आवर्जून सांगितलं आहे.

ऐकलेलं जसंच्या तसं म्हणण्याला इकोलालिया म्हणतात. बराच काळ ही निरर्थक बडबड मानली जायची आणि ती मोडून काढणं हा थेरपीचा भाग होता. १९८१ मध्ये बॅरी प्रिझंट आणि ज्युडिथ डुकन यांनी मुलांच्या अशा बोलण्याच्या चित्रफिती बारकाईने तपासल्या. त्यांना दिसलं की त्या पुनरुक्तीत हेतू असतात: आपली पाळी घेणं, होकार देणं, मागणं, स्वतःला सूचना करणं. म्हणजे पोपटपंची वाटते त्यात बोलण्याची अर्धी यंत्रणा चालू असते. आपल्या घरांत याचं एक खास रूप दिसतं. मुलाला अजान सुरात पाठ असते, छोट्या सूरा पाठ असतात, आणि पोटात दुखतंय हे सांगता येत नाही. नातेवाईक म्हणतात, अल्लाहची देन आहे, हाफिज करा. पाठ होतं ही खरी ताकद आहे, मी ती कमी लेखत नाही. पण तिच्यापायी पोटाचं दुखणं न कळणं चालणार नाही. हाच मुलगा सुरात, लयीत, अख्ख्या तुकड्यांनी शिकतो, एवढं त्यातून कळतं. मग ‘पेट दुखरा’ हेही त्याला रोज त्याच सुरात, पोटावर हात ठेवून ऐकवता येईल.

आता हाताचं. साधारण वर्षाच्या आसपास बहुतेक बाळं बोट दाखवायला लागतात. त्यात दोन प्रकार आहेत. ‘ते दे’ हा एक, आणि ‘ते बघ!’ हा दुसरा. दुसऱ्यात काही हवं नसतं. कबुतर दिसलं, तुलाही दिसू दे, एवढंच. भाषा या दुसऱ्या बोटावर चढते, कारण बाळ कबुतराकडे बघत असताना मोठं माणूस ‘कबुतर’ म्हणतं. शब्द आणि वस्तू दोघांच्या नजरेत एकदम असतात. ऑटिस्टिक मुलांत हे ‘ते बघ’ उशिरा येतं, कमी येतं किंवा वेगळ्या रूपात येतं. माझा भाचा बोट दाखवत नाही, पण छतावरचा पंखा फिरायला लागला की एकदा पंख्याकडे आणि एकदा आपल्या हाताकडे बघून बोटं हलवतो. हे त्याचं ‘ते बघ’ आहे. त्या क्षणी ‘पंखा फिरा!’ म्हणणारं कुणी शेजारी असेल तर शब्दाला जागा मिळते. ‘मेरी तरफ देख, मेरी तरफ देख’ म्हणून हनुवटी धरून तोंड वळवलं तर पंखाही जातो आणि शब्दही. नजरेला नजर भिडवायला लावण्याचा आग्रह मला या सगळ्यात सर्वांत निरुपयोगी वाटतो. तो मुलाच्या नजरेमागे जाण्याऐवजी त्याला आपल्या नजरेत ओढतो.

इथे ‘एकच भाषा, तीही इंग्रजी’ हा सल्ला येऊन आदळतो. आमच्या घरी दखनी बोलतात. गल्लीत, बाजारात, एसटीत मराठी. शाळेत माझ्यासारखे उर्दूवाले किंवा इंग्रजी माध्यमवाले. कोकणातल्या मित्रांच्या घरी कोकणी असते. ही आपली रोजची हवा आहे, कुणी तिला बहुभाषिकता वगैरे म्हणत नाही. आपाला एका केंद्रात सांगितलं गेलं की या गोंधळामुळेच मूल बोलत नाही, घरी फक्त इंग्रजी ठेवा. आपा बारावी शिकलेली आहे. तिचं इंग्रजी ‘कम’, ‘सिट’, ‘ईट’, ‘गुड बॉय’ इथवर येऊन थांबायचं. जी बाई स्वयंपाक करताना अखंड बोलते, कांद्याशी भांडते, मांजराला शिव्या घालते, ती आठ महिने मुलासमोर हुकूम सोडल्यासारखी बोलत होती. नानीने तर नातवाशी बोलणंच सोडलं, कारण तिला इंग्रजीचा एक शब्द येत नाही. एका मुलाला भाषा यावी म्हणून घरातल्या दोन बायकांना मुकं केलं गेलं.

आणि याला आधार काय? काही नाही. मॉन्ट्रियलमध्ये कॅथरिन हॅम्बली आणि एरिक फॉम्बोन यांनी ७५ ऑटिस्टिक मुलांचा अभ्यास केला, तो २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. एका भाषेच्या घरातली मुलं आणि दोन भाषांच्या घरातली मुलं यांच्या भाषेत त्यांना दुसऱ्या गटाला जास्तीचा उशीर दिसला नाही. त्यानंतरच्या इतर अभ्यासांतही साधारण हेच निघालं. त्याआधी २००५ मध्ये तामार क्रेमर-सादलिक यांनी अमेरिकेतल्या स्थलांतरित घरांबद्दल लिहिलं होतं. तिथेही आईबापांना इंग्रजीच बोला असं सांगण्यात आलं होतं. झालं काय, तर घरातले बाकीचे एकमेकांशी आपल्या भाषेत बोलत राहिले आणि ते मूल तेवढं घरातल्या गप्पांबाहेर पडलं. ज्या मुलाचा प्रश्नच मुळी माणसांत मिसळण्याचा, त्याच्यासाठी यापेक्षा वाईट औषध शोधून सापडणार नाही.

मोबाईलवरून आलेल्या इंग्रजीचं मात्र वेगळं आहे आणि ते ओळखायला शिकलं पाहिजे. अनेक घरांत असं मूल असतं जे अमेरिकन उच्चारात रंग आणि आकडे म्हणतं, ‘ऑक्टागॉन’सुद्धा म्हणतं, आणि अम्मीला हाक मारत नाही. ट्युनिशियातल्या ऑटिस्टिक मुलांवरचा एक अभ्यास २०१९ मध्ये आला. त्यांतली काही मुलं घरातली ट्युनिशियन अरबी सोडून कार्टूनमधली ग्रांथिक अरबी बोलत होती. आपल्याकडचं इंग्रजी त्याच जातीचं आहे. पडदा न थकता तेच वाक्य त्याच सुरात हजारदा म्हणतो, आणि मुलाकडून उत्तराची अपेक्षा ठेवत नाही. तिथून आलेला शब्द हिरावून घेऊ नका. ‘रेड’ म्हणाला तर ‘हौ, रेड, लाल, तेरी लाल टोपी’ म्हणत तो घरात आणा. पण मुलाला इंग्रजी ‘जमतं’ म्हणून घरची भाषा बंद करणं म्हणजे त्याला पडद्याच्याच हवाली करणं.

दुसरा सल्ला चित्रांबद्दलचा. चित्रकार्ड, खुणा, आवाज देणारं अॅप, या सगळ्याला मिळून पूरक आणि पर्यायी संवाद म्हणतात. भीती ही की सोपा रस्ता मिळाला तर मूल बोलायचे कष्ट घेणार नाही. ऐकायला खरं वाटतं. पण बोलणं हा जगातला सगळ्यात सोपा रस्ता आहे, ज्याला तो उघडा असतो तो कार्ड शोधत बसत नाही. २००६ मध्ये मिलर, लाइट आणि श्लॉसर यांनी तोवरचे अभ्यास एकत्र तपासले. त्यांत ऑटिस्टिक आणि इतर विकासात्मक अडचणी असलेली माणसं होती. ज्या २७ जणांचे पुरावे सगळ्यात भक्कम होते, त्यांतल्या एकाचंही बोलणं चित्रांमुळे किंवा खुणांमुळे कमी झालेलं नव्हतं. २४ जणांचं वाढलं होतं, जरी वाढ बेताचीच होती. २०१४ मध्ये कॉनी कसारी यांच्या गटाने ५ ते ८ वर्षांच्या, फारच कमी बोलणाऱ्या ६१ ऑटिस्टिक मुलांवर काम केलं. ज्यांना थेरपीबरोबर पहिल्या दिवसापासून आवाज देणारं यंत्र मिळालं, ती मुलं आपणहून जास्त बोलू लागली. आधी यंत्राशिवाय प्रयत्न करून नंतर ते दिलेली मुलं मागे राहिली. म्हणजे ‘आधी बोलू दे, मग बघू’ हे वाट बघणंसुद्धा महागात पडतं.

कार्ड कसं करायचं, याला फार शास्त्र लागत नाही. पण एक गोष्ट कुणी सांगत नाही ती मी सांगते. बाजारात आणि इंटरनेटवर मिळणाऱ्या हिंदी तक्त्यांवर ‘मुझे पानी चाहिए’ असतं. आमच्या घरात ‘चाहिए’ कुणी म्हणत नाही. आम्ही ‘होना’ म्हणतो. मुलाने कार्डावर बोट ठेवल्यावर जे ऐकू येतं ते त्याने घरात कधीच ऐकलेलं नसेल, तर त्याला तिसरीच भाषा शिकावी लागते. आमच्या घरात आता पहिली दोन कार्डं ‘होना’ आणि ‘नक्को’ अशी आहेत. ‘नक्को’ तर मराठी ‘नको’चाच भाऊ, त्यामुळे गल्लीतल्या दुकानदारालाही कळतो. कागदावर चित्र, खाली शब्द, वर चिकटपट्टी. खर्च वीस रुपये. मोबाईलवर हवं असेल तर मुंबई आयआयटीच्या आयडीसी विभागात तयार झालेलं ‘जेलो’ मोफत आहे, मराठी आणि हिंदीतही आहे. चेन्नईत तयार झालेलं ‘अवाज’ जास्त मोठं आहे, पण त्याला पैसे पडतात.

आणि कार्ड मुलाच्या हातात देऊन ‘बोल, क्या होना?’ अशी परीक्षा घ्यायची नाही. आधी आपण वापरायचं. आपण चहा मागताना ‘होना’वर बोट ठेवायचं, ‘चाय होना’ म्हणायचं. कुणी बाळाला बोलायला शिकवताना आधी परीक्षा घेत नाही, वर्षभर नुसतं बोलतो आपण त्याच्याशी. इथेही तेच. आठवड्याभरात काही दिसलं नाही म्हणून कार्डं कपाटावर टाकू नका.

एका गोष्टीपासून मात्र सावध राहा. मोठ्या माणसाने मुलाचा हात किंवा कोपर धरून त्याच्याकडून अक्षरं टाइप करून घ्यायची अशी एक पद्धत आहे. त्यातून मुलं एकदम लांबलचक, शहाणी वाक्यं लिहितात असा दावा असतो. १९९० च्या दशकात याच्या चाचण्या झाल्या. मुलाला एक चित्र आणि हात धरणाऱ्याला दुसरं चित्र दाखवलं गेलं, तर उत्तर हात धरणाऱ्याने पाहिलेल्या चित्राचं आलं. त्या लोकांना फसवायचं नव्हतं, त्यांना स्वतःलाही कळत नव्हतं की लिहितोय आपणच. आई-बापाचं मन अशा ठिकाणी किती सहज गुंततं हे मला माहीत आहे. पण ज्यात मूल एकट्याच्या बोटाने निवडत नाही, तो त्याचा आवाज नाही. ‘नक्को’ हा एकच शब्द, पण स्वतःच्या बोटाने सांगितलेला, मला उधारीच्या कवितेपेक्षा मोलाचा वाटतो.

मग मूल बोलेल का? हे सगळे विचारतात. काही मुलं बोलतील. २०१३ मध्ये एरिका वोडका यांच्या गटाने ५३५ मुलांची माहिती तपासली, जी चार वर्षांची होईपर्यंत दोन शब्द जोडून बोलत नव्हती. पुढे त्यांतली ७० टक्के छोट्या वाक्यांपर्यंत तरी पोहोचली, ४७ टक्के सहज बोलू लागली. म्हणजे ‘पाचव्या वर्षानंतर काही होत नाही’ हे खोटं आहे. पण असंही आहे की ऑटिस्टिक मुलांतली साधारण चारांत एक ते तिनांत एक मुलं शाळेच्या वयातही फारच थोडे शब्द बोलतात, आणि काही आयुष्यभर बोलत नाहीत. कुणाचं काय होईल हे आज छातीठोकपणे सांगणारा माणूस भेटला तर पाकीट सांभाळा. म्हणूनच मी म्हणते की बोलणं येईल तेव्हा येईल, सांगणं आजपासून हवं.

आपल्याकडे तर याला जुना आधार आहे. हजरत झकरिया लोकांशी तीन दिवस इशाऱ्याने बोलल्याची आणि हजरत मरियम यांनी आरोप करणाऱ्यांना उत्तर म्हणून बाळाकडे नुसता हात केल्याची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. उस्मानी राजवटीत १८६९ ते १८७६ दरम्यान तयार झालेल्या ‘मजल्ला’ या नागरी संहितेच्या ७०व्या कलमात मुक्या माणसाचा नेहमीचा, ओळखीचा इशारा त्याच्या तोंडी बोलण्याइतकाच ग्राह्य धरला आहे. व्यवहारात मुक्याची खूण जिभेच्या बरोबरीची मानणाऱ्या परंपरेतले आपण, आणि घरातल्या मुलाने हात धरून नेलं तर म्हणतो, ‘हाथ छोड़, मुँह से बोल.’

न सांगता आलं की काय होतं ते प्रत्येक घराला माहीत आहे. मूल डोकं आपटतं, चावतं, लग्नाच्या हॉलमध्ये जमिनीवर लोळतं. लोक म्हणतात, लाडावलंय. घरी गेल्यावर मार पडतो. १९८५ मध्ये एडवर्ड कार आणि मार्क ड्युरंड यांनी दाखवून दिलं की असं वागणं बहुतेकदा काहीतरी मिळवण्याची किंवा टाळण्याची भाषा असते. तीच गोष्ट सांगणारा एखादा शब्द किंवा वाक्य मुलाला शिकवलं की ते वागणं झपाट्याने कमी होतं. हॉलमधल्या डीजेचा आवाज सहन होत नाही, याला ‘बस, बाहर’ असं कार्ड असेल तर लोळण्याची गरज राहत नाही. अर्थात कार्ड दाखवल्यावर त्याला खरंच बाहेर न्यावं लागतं. इथेच आपण कमी पडतो, कारण जेवण सुरू व्हायचं असतं.

आणखी एक, हे लिहिताना हात जड होतो. ज्या मुलाला सांगता येत नाही, त्याच्याशी कुणी काही वाईट केलं तर ते त्याच्यापुरतंच राहतं. असं करणाऱ्याला हे चांगलं ठाऊक असतं. म्हणून कार्डांत फक्त बिस्किट, पाणी, झोका नको. शरीराचे सगळे अवयव हवेत, ‘दुखरा’ हवं, ‘हात नक्को लगा’ हवं. अम्मी-खालांना हे दाखवायला लाज वाटते. वाटू दे, तरीही ठेवा.

कायदा आपल्या बाजूने आहे, हे आपल्या वस्त्यांत फारसं पोहोचलेलं नाही. दिव्यांग हक्क कायदा २०१६ मध्ये झाला, त्यातल्या २१ प्रकारांत ऑटिझम आहे. या कायद्याच्या व्याख्येत ‘संवाद’ म्हणजे फक्त तोंडी बोलणं नाही. खुणा, चित्रं, पर्यायी साधनं सगळं त्यात येतं. १७व्या कलमानुसार शिक्षणात अशा साधनांचा वापर वाढवणं ही सरकारची आणि स्थानिक संस्थांची जबाबदारी आहे. म्हणजे कार्डांची वही शाळेत आणू नका, असं कुणी शिक्षिका म्हणाली तर तिला हे कलम दाखवता येतं. चाळीस टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र असेल तर ६ ते १८ वयापर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. नॅशनल ट्रस्टच्या निरामय योजनेत एक लाख रुपयांपर्यंतचं आरोग्य विमा संरक्षण मिळतं, त्यात थेरपीचाही खर्च बसतो. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली जिल्हा रुग्णालयांत लवकर निदान आणि उपचाराची केंद्रं आहेत, सरकारी आहेत, तिथे सुरुवात करा. वांद्र्याला वाचा आणि श्रवण यांची राष्ट्रीय संस्था १९८३ पासून आहे आणि तिला नाव आहे अली यावर जंग यांचं. उस्मानिया आणि अलिगढ या दोन्ही विद्यापीठांचे ते कुलगुरू होते, महाराष्ट्राचे राज्यपाल असतानाच १९७६ मध्ये वारले. आपल्यातले किती जण रोज वांद्र्याहून लोकलने जातात आणि या दारातून आत गेलेले नसतात.

हे मी आईबापांसाठी लिहिलं नाही. ते थकलेले असतात, एखाद्या केंद्राची फी भरण्यात आणि सासरच्यांना उत्तरं देण्यात त्यांचा दिवस जातो. मी लिहिते आहे तुमच्यासाठी, जे वीस-पंचविशीत आहात, कुणाचे मामू, कुणाची फुप्पी, कुणाचे चुलत भाऊ आहात. घरात फॉर्म भरणारे तुम्ही, मोबाईलमध्ये अॅप टाकून देणारे तुम्ही. डॉक्टरांसमोर ‘पण सर, दखनी बोललं तर नुकसान होतं असं कुठे सिद्ध झालंय?’ हे अदबीने विचारू शकणारेही तुम्हीच. आपाबरोबर तो प्रश्न विचारायला कुणीतरी गेलं तेव्हाच घरातलं इंग्रजी थांबलं. आता नानी नातवाशी पुन्हा बोलते, दिवसभर, बरंचसं स्वतःशीच.

रमझानच्या आधी आम्ही ईदची वेगळी कार्डं करणार आहोत. यादी भाच्यासमोर बसून केली. चित्रं पसरली आणि तो कशाला हात लावतो ते बघितलं. शीर खुर्म्याला त्याने हात लावला नाही. गळाभेटीचं चित्र उलटं करून ठेवलं. फुगा घेतला, जिन्याचं चित्र घेतलं, कारण गच्चीवर गर्दी नसते. नव्या कुर्त्याच्या चित्रावर ‘नक्को’चं कार्ड आणून ठेवलं. कुर्त्याची कॉलर टोचते, हे आम्हाला त्या दिवशी कळलं. या वर्षी बिनकॉलरचा शिवायला टाकला आहे.